परदेशातील गरिबांची सेवा: गोव्याने विचारायचे प्रश्न

परदेशातील एखाद्या गरीब वस्तीत आठ-पंधरा दिवस जाऊन सेवा करून येण्याची प्रथा ख्रिस्ती जगात गेल्या काही दशकांत फार वाढली आहे. चर्चमधून गट निघतो, देणग्या गोळा होतात, तिकिटे काढली जातात आणि होंडुरास, हैती, युगांडा किंवा कंबोडियातील एखाद्या गावी जाऊन घर बांधणे, शाळेच्या भिंती रंगवणे, आरोग्य शिबिर घेणे, अनाथालयातील मुलांशी खेळणे, प्रार्थनासभा भरवणे अशी कामे करून गट परत येतो. एकट्या अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख चर्च-सदस्य अशा प्रवासाला जात असावेत, असा अंदाज या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील समाजशास्त्रज्ञांनी मांडला होता. स्विंडन, लंडन किंवा टोरोंटो येथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मुलांपुढेही अशा गटात जावे की नाही, हा प्रश्न येतो आणि ती मुले सुट्टीत बार्देश-साष्टीतील आपल्या घरी आली की तो येथेही चर्चेला येतो.

गोव्याला या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आहे, कारण मिशन म्हणजे काय हे या भूमीने दोन्ही अंगांनी अनुभवले आहे. येथे मिशनरी आले आणि येथून मिशनरी गेले. आले ते कोणत्या बळावर आले आणि गेले ते कोणत्या रीतीने गेले, यांतील फरक नीट पाहिला तर आजच्या सेवाप्रवासांची पारख करण्याचे साधन आपल्या हाती लागते. माझे म्हणणे असे आहे की, परक्या देशातील गरिबांची सेवा करू पाहणाऱ्याने एक तर तेथे रिकाम्या हाताने जाऊन, तेथील माणसांच्या आज्ञेत राहून, दीर्घकाळ थांबावे. नाही तर जे काम तेथील माणसे करतच आहेत, त्यासाठी पैसा देऊन बाजूला व्हावे. या दोहोंपैकी एकही न करणारा प्रवास, जाणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी, ज्यांच्यासाठी तो केला जातो त्यांच्या उपयोगाचा क्वचितच ठरतो आणि काही वेळा त्यांची हानीही करतो.

हानीचा विषय प्रथम घ्यावा लागतो आणि त्यातही मुलांचा. गोव्याच्या इतिहासात १५५९ सालच्या पोर्तुगीज राजाज्ञेला फार दुःखद स्थान आहे. आई, वडील, आजोबा, आजी यांपैकी कोणीही हयात नसलेल्या हिंदू मुलांना जुने गोवे येथील सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवावे, असा तो हुकूम होता. हुकूम लिहिणाऱ्यांच्या मते ही अनाथांवरची दयाच होती. पुढे त्याचा अर्थ इतका ताणला गेला की वडील वारले आणि आई जिवंत असली तरी मूल अनाथ धरले जाऊ लागले. घरातील कर्ता पुरुष गेला की त्याच रात्री मुलाला घेऊन नदीपलीकडे फोंडा महालात किंवा भतग्राम महालात, म्हणजे आदिलशाही मुलखात, पळून जाण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पलीकडे गेल्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो; परंतु देवांबरोबर विधवा आणि त्यांची लेकरेही गेली, याची आठवण तितक्या आवर्जून काढली जात नाही.

साडेचारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, ‘अनाथ’ कोणाला म्हणावे हे ठरवण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या दयाळू माणसाने स्वतःकडे घेतला की काय होते, ते तिच्यात स्पष्ट दिसते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि महिना उलटण्याच्या आत अमेरिकेतील १० बाप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुले कागदपत्रांविना डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत असताना सीमेवर अटक झाली. त्या मुलांना अनाथालयात ठेवण्याचा त्यांचा विचार होता. चौकशीत पुढे आले ते असे की, बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जण जिवंत होते आणि मुलांना शिक्षण मिळेल, त्यांचे बरे होईल, या आश्वासनावर विश्वास ठेवून त्यांनी ती सुपूर्द केली होती. येथे ना राजाज्ञा होती, ना सैन्य. तरीही घर कोसळलेल्या आईसमोर परदेशी माणूस उभा राहून तुझ्या मुलाचे कल्याण करतो असे म्हणतो, तेव्हा त्या आईला ‘नको’ म्हणण्याची कितीशी मोकळीक असते, याचा विचार करणे भाग आहे.

कंबोडियातील परिस्थिती यापेक्षा सावकाश घडली, म्हणून ती अधिक बोधक आहे. २००५ ते २०१० या काळात तेथील अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात अनाथांची संख्या वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक आणि स्वयंसेवक. युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत असे आढळले की, या संस्थांतील सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुण्यांना मुलांमध्ये वेळ घालवायचा असतो आणि त्यासाठी ते पैसे देतात, म्हणून गरीब घरांतील मुले संस्थेत आणून ठेवली जातात, अशी ही साखळी आहे. दर पंधरवड्याला नवा गट येतो, मुलांना कवेत घेतो, त्यांच्याबरोबर गाणी म्हणतो, छायाचित्रे काढतो आणि निघून जातो. ज्या वयात मुलाला रोज तेच चार चेहरे दिसायला हवेत, त्या वयात त्याला शेकडो अनोळखी माणसांचे प्रेम आणि तितक्याच वेळा त्यांचा निरोप सोसावा लागतो.

गोव्यातील वाचकाला यातील आणखी एका धोक्याविषयी फार समजावून सांगण्याची गरज नसावी. मडगावात मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या एका गृहस्थाला १९९१ साली अटक झाली आणि १९९६ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. गरीब मुलांचा आधार म्हणून समाजात वावरणाऱ्या त्या माणसाच्या घरी परदेशी पाहुणे येत आणि मुलांचे लैंगिक शोषण करत. त्या प्रकरणाने गोवा हादरला. पुढे २००३ साली गोवा बालहक्क कायदा झाला आणि बालकांसाठी वेगळे न्यायालय उभे राहिले. परदेशातून येणारा प्रत्येक स्वयंसेवक संशयित आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मुलांच्या संस्थेचे दार कोणालाही केवळ सद्भावनेच्या ओळखपत्रावर उघडू नये, हे आपण भयंकर किंमत मोजून शिकलो आणि जे आपण आपल्या मुलांसाठी मागतो तेच युगांडातील किंवा कंबोडियातील मुलांसाठीही मागायला हवे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पैशाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केल्यावर उत्तर अमेरिकेतील अनेक चर्चचे गट तेथे घरे बांधायला गेले. त्या देशात राहून संशोधन करणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा गटांचा प्रवासखर्च धरून अशा एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलर लागले होते, तर स्थानिक ख्रिस्ती संस्थेने गावातील गवंडी आणि मजूर लावून बांधलेल्या घराचा खर्च सुमारे २ हजार डॉलर होता. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे उभी राहिली असती आणि वादळाने बेकार झालेल्या गवंड्यांना मजुरीही मिळाली असती. घर कोणी बांधले यामुळे त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या पुढील आयुष्यात काही फरक पडल्याचेही त्यांना आढळले नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, प्रवासाचा खरा लाभ जाणाऱ्याला होतो: त्याची दृष्टी बदलते आणि तो जन्मभर गरिबांचा कैवारी होतो. हे उत्तर मी हलके मानत नाही, कारण माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलत नाही, हे खरे आहे. परंतु त्याच संशोधनात परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानधर्माच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यातून जाणवलेला बदल नोंदींत फारसा दिसला नाही. त्याहून मोठी अडचण नैतिक आहे. एकाच्या मनाच्या विकासासाठी दुसऱ्याचे दारिद्र्य दाखवण्याची वस्तू व्हावे, ही मांडणी ख्रिस्ती विचारातही बसत नाही. चिंबलच्या इंदिरानगरासारख्या किंवा मडगावच्या मोती डोंगरासारख्या गरीब वस्तीत राहणाऱ्या बाईच्या घरात रोज नवे अनोळखी लोक तिची चूल पाहायला येऊ लागले, तर ती काय म्हणेल, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय या प्रश्नावर जितका थेट बोलतो, तितके आजचे कोणतेही मार्गदर्शक पत्रक बोलत नसेल, असे मला वाटते. या अध्यायाच्या आरंभी येशू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो आणि त्यांना सांगतो की, बरोबर थैली, झोळी, वहाणा काही घेऊ नका. ज्या घरात स्वागत होईल तेथेच राहा, जे वाढले जाईल ते खा, घरे बदलत फिरू नका. पाठवलेला माणूस येथे दाता म्हणून जात नाही. तो यजमानाच्या अन्नावर अवलंबून असलेला पाहुणा म्हणून जातो आणि गावाने नाकारले तर त्याने निघून जायचे असते. त्याच अध्यायाच्या उत्तरार्धात शोमरोनी माणसाची सर्वांना ठाऊक असलेली कथा आहे. तिच्याकडे मात्र आपण अर्धवटच पाहतो. तो शोमरोनी प्रवासी होता, त्याला पुढे जायचे होते. त्याने जखमा बांधल्या, घायाळाला उतारशाळेत नेले, एक रात्र शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी देऊन, याची काळजी घे, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून तो गेला. ज्याचे ते ठिकाण होते, जो तेथे कायम राहणार होता, त्याच्या हाती त्याने काम आणि पैसा दोन्ही सोपवले आणि परत येऊन हिशेब पुरा करण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

म्हणजे एकाच अध्यायात दोन वाटा आहेत. रिकाम्या हाताने जाऊन राहायचे, किंवा थोडा वेळ थांबून स्थानिक माणसाच्या हाती साधने द्यायची. आजचा सेवाप्रवास थैली भरून घेऊन जातो, स्वतःचे अन्न-पाणी आणि कार्यक्रम घेऊन जातो, स्थानिक मालकाला बाजूला सारून काम स्वतःच्या हाती घेतो आणि परतण्याचे बंधनही पत्करत नाही.

पहिली वाट चालून दाखवणारा माणूस गोव्याचाच होता. जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीत झाला. त्यांचे वडिलांकडचे घराणे सांकवाळचे. डच ईस्ट इंडिया कंपनीने श्रीलंकेच्या किनाऱ्यावर कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती, पाद्रींना हाकलून दिले होते आणि तेथील कॅथलिकांना कोणी वाली उरला नव्हता. पोर्तुगीज पाद्री तेथे जाऊ शकत नव्हता, कारण तो लगेच ओळखला गेला असता. गोव्याचा सावळा पाद्री जाऊ शकत होता आणि १६८७ मध्ये जुझे वाझ मजुराच्या वेशात, भीक मागत, आजारी अवस्थेत जाफन्याला उतरले. त्यांच्या मागे राज्य नव्हते, आरमार नव्हते, पैसा नव्हता. कँडीच्या राज्यात गेल्यावर पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली, तेव्हा घरची माणसेसुद्धा रोग्यांना रानात सोडून पळत होती आणि वाझ व त्यांचा भाचा त्या रोग्यांना, ते बौद्ध की ख्रिस्ती हे न पाहता, झोपड्यांत ठेवून त्यांची शुश्रूषा करत होते. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना राज्यात मोकळेपणाने वावरू दिले, ते ही शुश्रूषा पाहिल्यामुळेही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा मृत्यू झाला. ते गोव्याला परत आलेच नाहीत. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, सुमारे चाळीस वर्षे मुख्यतः साष्टीत राहिला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मराठी भाषेवरचे त्याचे प्रेम अस्सल होते आणि त्याचे ऋण मराठी वाचक मानतो, ते योग्यच आहे. तरीही ज्या साष्टीत तो लिहीत होता तेथील देवळे त्याच्या येण्यापूर्वी १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेल्यानंतर चर्चेसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गांवकरांची कत्तल झाली होती. भाषा शिकणे आणि दीर्घकाळ राहणे या दोन गोष्टी स्टीफन्सनेही केल्या. पण त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या सत्तेमुळे ऐकणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्य नव्हते. आजच्या सेवाप्रवाशामागे राज्य नसते हे खरे, पण डॉलर किंवा पौंड असतो, परत जाण्याचे तिकीट असते आणि भुकेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे कठीण करण्यास तेवढे पुरते.

म्हणूनच मदत आणि धर्मप्रसार यांची गाठ घालणे मला अमान्य आहे, आणि हे केवळ बाहेरच्या टीकाकाराचे मत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील घोषणेत स्पष्ट म्हटले की, धर्म पसरवताना जबरदस्तीचा किंवा अयोग्य रीतीने मन वळवण्याचा आभासही होता कामा नये, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत. २०११ मध्ये व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी एकत्र येऊन जी आचारतत्त्वे जाहीर केली, त्यांतही लोकांच्या दारिद्र्याचा आणि गरजेचा फायदा घेण्याचा निषेध आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालच्या स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या ठरवल्या. तांदळाच्या पोत्याबरोबर दिलेले पुस्तक मोकळ्या मनाने वाचता येत नाही, हे सर्व बाजूंनी मान्य झालेले आहे. प्रश्न पाळण्याचा उरतो.

गोव्यातील गावडा समाजाकडे पाहिले की मला याचा दुसरा पैलूही दिसतो. या समाजातील पुष्कळ लोक पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती झाले आणि १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत त्यांतील हजारो जण हिंदू धर्मात परत आले. दोन्ही वेळा त्यांच्या आत्म्याविषयी फार बोलले गेले. जमिनीवरचा हक्क, शाळा, मजुरी हे प्रश्न मात्र तसेच राहिले आणि गावडा, कुणबी व वेळीप यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळायला २००३ साल उजाडावे लागले. त्यामुळे जो निकष मी ख्रिस्ती प्रवाशाला लावतो, तोच आदिवासी पाड्यांवर वस्त्रे आणि औषधे घेऊन जाणाऱ्या हिंदू मंडळांनाही लावतो.

काही प्रवास निःसंशय उपयोगी असतात आणि ते नाकारणे अन्याय होईल. दुभंगलेले ओठ शिवणारा शल्यविशारद, मोतीबिंदू काढणारा डॉक्टर, भूल देणारा तज्ज्ञ यांचे कौशल्य काही देशांत फार दुर्मीळ आहे. १९७८ मध्ये सुरू झालेली मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था रुग्णालय-जहाजे आफ्रिकेतील बंदरांत नेते. जहाज एका देशात कित्येक महिने थांबते आणि शस्त्रक्रियांबरोबर स्थानिक डॉक्टर व परिचारिकांना प्रशिक्षण देते. स्वयंसेवक थोड्या काळासाठी आले तरी संस्था राहते, नोंदी राहतात, रुग्णाची पुढची तपासणी होते. याच्या उलट, रक्तदाबाच्या रुग्णाला एक महिन्याच्या गोळ्या देऊन निघून जाणारे शिबिर त्याला बरे केल्याचा आभास तेवढा निर्माण करते. दान केलेल्या औषधांची मुदत पोहोचण्याच्या वेळी निदान एक वर्ष उरलेली असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना आहे. आपल्याकडे उरलेल्या गोळ्या पेटीत भरून नेणाऱ्या गटांनी ती आधी वाचावी.

तेव्हा एखाद्या पॅरिशमधील, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील, तरुणांचा गट मोझांबिकला किंवा केनियाला, जेथे गोमंतकीय पाद्री आणि कारकून पिढ्यान् पिढ्या गेले, सेवेसाठी जाऊ इच्छित असेल, तर त्याने काय करावे? मुलांच्या संस्थांत पाऊल ठेवू नये. तेथील मुलांना कुटुंबात राहता यावे यासाठी कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत. ज्या कामाला गावात गवंडी, रंगारी किंवा शिक्षक मिळतो, ते काम स्वतः करू नये. प्रार्थना करावी ती तेथील चर्चमध्ये, तेथील लोकांच्या भाषेत, मागच्या बाकावर बसून. ज्याला खरोखर सेवेचे आयुष्य पत्करायचे आहे त्याने भाषा शिकून वर्षानुवर्षे राहण्याच्या तयारीने जावे. पिलारच्या मिशनरी संघाने गोव्यातून अशी माणसे देशात आणि देशाबाहेर पाठवली आहेत, त्यांच्याशी आधी बोलावे. आणि कोणतेही तिकीट काढण्यापूर्वी तेथील पॅरिशच्या लोकांना एक पत्र पाठवावे: आमच्या दहा जणांच्या प्रवासाला एवढी रक्कम लागेल, ती आम्ही जमवली आहे आणि तुमचे उत्तर काहीही आले तरी ती तुमचीच आहे, आम्ही यावे असे तुम्हाला वाटते, की ती सगळी रक्कम तुम्ही ठरवाल त्या कामासाठी पाठवावी? दुसरा पर्याय निवडला तरी पैसे मिळणारच आहेत, याची खात्री त्यांना असली पाहिजे. तरच उत्तर मनातले येईल. आणि त्यांनी दुसरा पर्याय निवडला, तर गटाने गोव्यातच राहून ती रक्कम पाठवावी आणि पुढच्या वर्षीही पाठवावी.